उपद्रव, लक्षण आणि वाहक : भिवंडीच्या आधारे घरकीटकांच्या इतिहासाचा विचार

१

ढेकूण, पिसू, डास, ऊ, माशी, झुरळ हे माणसाच्या घरात त्याच्याबरोबर नांदत आलेले जीव होत. त्यांपैकी बहुतेकांची नावे मराठीत फार जुनी आहेत. डास हा शब्द संस्कृत ‘दंश’ यावरून, ऊ ही ‘यूका’ यावरून आणि माशी ही ‘मक्षिका’ यावरून आली. ढेकूण हा मात्र देशी शब्द आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या देशीनाममालेत ‘ढंकुण’ या रूपाने त्याची नोंद केली असून त्याचा अर्थ मत्कुण असा दिला आहे. पिसू हा शब्द प्राकृतातील ‘पिसुअ’ या रूपाशी जुळतो. शब्दांची ही परंपरा पाहता या जीवांची ओळख मराठी भाषेच्या जन्माइतकीच जुनी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि एखाद्या जीवाला नाव असणे आणि त्याचे कार्य ठाऊक असणे या भिन्न गोष्टी आहेत. घरकीटकांसंबंधी आपल्याकडे आजवर तीन कल्पना प्रचलित झालेल्या दिसतात. कीटक हा उपद्रव आहे, तो चावतो व झोप मोडतो, ही पहिली. त्याची वाढ ही देश किंवा काळ बिघडल्याची खूण आहे, म्हणजे तो लक्षण आहे, ही दुसरी. एका देहातील रोगबीज दुसऱ्या देहात नेणारा तो वाहक आहे, ही तिसरी. पहिल्या दोन कल्पना प्राचीन आहेत. तिसरीला जेमतेम सव्वाशे वर्षे झाली. दुसरी कल्पना अपुरी ठरून तिसरी प्रस्थापित होईपर्यंत जी आठ-दहा वर्षे गेली, त्या काळात मुंबई इलाख्यात लक्षावधी माणसे प्लेगने मेली, आणि उरलेल्यांपैकी अनेकांना रोगाइतकाच रोगनिवारणाचा जाच सोसावा लागला. या संक्रमणाचा विचार करण्यासाठी भिवंडी हे गाव सोयीचे आहे. भाताचा व्यापार, हातमाग, यंत्रमाग आणि आता गोदामे असे त्याचे धंदे बदलत गेले. परंतु राहण्याची जागा आणि कामाची किंवा साठवणुकीची जागा एकमेकींना लागून, बहुधा एकाच छपराखाली, असण्याची रीत दीर्घकाळ टिकली. घरकीटकांच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

२

प्राचीन ग्रंथांचा विचार प्रथम करणे अवश्य आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात जीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत दंश, मशक, यूका, मक्षिका आणि मत्कुण यांची गणना स्वेदजांत केली आहे. उष्णता आणि ओल यांपासून हे जीव आपोआप निर्माण होतात, असा त्याचा आशय. चरकसंहितेच्या विमानस्थानात बाह्य मलापासून होणाऱ्या कृमींत यूका व पिपीलिका यांचा उल्लेख येतो. शरीर स्वच्छ न ठेवणे हे त्यांचे कारण आणि कंडू व पुळ्या हे त्यांचे परिणाम म्हणून सांगितले आहेत. सुश्रुताने कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार दिले आहेत, त्यांपैकी एकाचे नाव सामुद्र व दुसऱ्याचे पार्वतीय असे आहे. हे निरीक्षण बारीक आहे, यात शंका नाही.

याहून अधिक महत्त्वाची दोन स्थळे आहेत. चरकाने जनपदोद्ध्वंसाच्या, म्हणजे साथीने देश ओस पडण्याच्या, प्रकरणात वायू, जल, देश व काल या चार गोष्टी बिघडतात असे म्हटले आहे. आणि बिघडलेल्या देशाच्या वर्णनात मशक, शलभ, मक्षिका व मूषक यांचा सुळसुळाट ही एक खूण म्हणून दिली आहे. सुश्रुताने अठरा प्रकारचे मूषक सांगून त्यांच्या विषाने अंगावर ग्रंथी उठतात व सूज येते असे नमूद केले आहे. म्हणजे साथीच्या वेळी उंदीर व डास वाढतात हे एका ग्रंथकाराने पाहिले होते, आणि उंदराच्या संसर्गाने गाठी येतात असे दुसऱ्याने लिहून ठेवले होते. उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा कोणालाच दिसला नव्हता. तो दिसण्यासारखाही नव्हता, कारण जो जीव घामापासून आपोआप जन्मतो असे मानले, तो कोठून आला आणि बरोबर काय घेऊन आला, हा प्रश्न उद्भवतच नाही. वर्गीकरणातील एका शब्दाने चौकशीची वाट अशी अडून राहिली.

युरोपातील परिस्थिती यापेक्षा फारशी निराळी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथेही दुर्गंध व दूषित हवा यांपासून रोग होतात, या मताचा पगडा होता. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच दूषित हवा असा आहे. मराठीतील ‘हिवताप’ हे नाव त्या मानाने निर्दोष म्हटले पाहिजे. ते केवळ लक्षण सांगते, कारणासंबंधी कोणताही दावा करीत नाही.

३

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी पाहून हा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रोगाचा जंतू त्यापूर्वीच, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे येर्सिनने शोधून काढला होता. जंतू ठाऊक होता. तो एका देहातून दुसऱ्यात कसा जातो हे ठाऊक नव्हते.

१८९७ च्या आरंभी साथ मुंबईबाहेर ठाणे जिल्ह्यात पसरली आणि भिवंडीही तिच्यातून सुटली नाही. त्या काळी भिवंडीस लोहमार्ग नव्हता. गावाचा मुख्य धंदा भात सडण्याचा व तांदळाच्या व्यापाराचा. माल खाडीच्या वाटेने गलबतांतून व होड्यांतून, किंवा बैलगाडीने जात-येत असे. कोकणी मुसलमान व्यापारी, आसपासचे आगरी व कुणबी शेतकरी, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून येऊन स्थायिक झालेले मोमीन विणकर अशी वस्ती होती. व्यापाऱ्याच्या घरात पोत्यांची थप्पी, शेतकऱ्याच्या घरात कणगी आणि विणकराच्या घरात जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून चालवावयाचा माग. सुताला द्यावयाची खळ पिठाची असे, आणि ती उंदरांना व झुरळांना तितकीच प्रिय असे. रात्री याच जागेत कुटुंब जमिनीवर अंथरूण टाकून झोपे. उंदरास अन्न, बिळास मातीची भिंत आणि पिसवेला निजलेला माणूस हे तिन्ही काही हातांच्या अंतरावर होते.

सरकारने उपाययोजना केली ती दूषित जागा आणि दूषित माणूस या दोन कल्पनांच्या आधारे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याने अधिकाऱ्यांना घरे तपासण्याचा, रोग्यास वेगळे ठेवण्याचा, प्रवाशांस अडकविण्याचा आणि सामान नष्ट करण्याचा अधिकार मिळाला. भिवंडीपासून जवळ असलेल्या कल्याण स्थानकावर आगगाडीतील उतारूंची तपासणी होऊ लागली. घरांच्या भिंतींवर जंतुनाशक द्रावणे मारली गेली, कौले उतरविण्यात आली, गटारे धुण्यात आली. आज मागे वळून पाहता असे दिसते की, या खटाटोपाचा रोगाच्या प्रत्यक्ष मार्गाशी फार थोडा संबंध होता. भिंत धुतल्याने उंदीर मरत नसे. तो शेजारच्या घरात जाई आणि आपल्या पिसवाही बरोबर नेई.

या उपायांचा सामाजिक परिणाम सर्वपरिचित आहे. पुण्यात २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याच्या परिसरातील विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला रुग्णालयात नेण्याच्या प्रयत्नावरून दंगल पेटली. या विणकरांचा आणि भिवंडीच्या विणकरांचा समाज एकच होता. दोघेही मागासह घरात राहणारे. घरात शिरणारा तपासनीस हा त्यांच्या दृष्टीने रोगाइतकाच परका होता. याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी पुण्यात मृत्यू आला, ही गोष्टही विसरता येत नाही. शुश्रूषा करणारे, तपासणारे आणि पळून जाणारे या सर्वांना रोगाचा मार्ग सारखाच अज्ञात होता.

मराठीत या वर्षांत जी शब्दसंपत्ती आली तिचे स्वरूप उद्बोधक आहे. लोक ‘गाठीचा ताप’ म्हणत, वैद्य ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत, आणि लवकरच ‘प्लेग’ हा शब्द जसाच्या तसा रूढ झाला. ही तिन्ही रोगाची नावे आहेत. परंतु याखेरीज एक वाक्प्रचार सर्वत्र पसरला, तो म्हणजे ‘उंदीर पडणे’. घरात उंदीर पडला की गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहावयाचे, असा लोकांनी अनुभवाने नियम केला. या नियमात पिसवेचे नाव नाही. तरीही तो नियम बरोबर होता, कारण मेलेल्या उंदरापासून दूर जाणे म्हणजे त्याच्या पिसवांपासून दूर जाणे. लक्षण अचूक वाचले तर वाहक न कळताही जीव वाचू शकतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे. रोग्याला त्याच्या कुटुंबापासून तोडण्यापेक्षा सबंध वस्तीने घरापासून दूर जाणे अधिक परिणामकारक होते, हे अधिकाऱ्यांच्याही हळूहळू लक्षात आले.

४

दुवा सापडला तो कराचीस. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने जून १८९८ मध्ये प्रयोग करून आजारी उंदरावरील पिसवा निरोगी उंदरास रोग देतात असे दाखविले. त्याचे एक निरीक्षण विशेष मार्मिक होते. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारा आजारी पडतो. मरून बराच वेळ झालेला व थंड झालेला उंदीर हाताळणारा बहुधा पडत नाही. याचे कारण असे की, देह थंड होताच पिसवा त्यास सोडून नवे ऊबदार शरीर शोधतात. परंतु १८९८-९९ मध्ये देशभर फिरलेल्या प्लेग आयोगाने हे मत जवळजवळ विचारात घेण्याच्याही लायकीचे मानले नाही. कीटक हा किरकोळ उपद्रव आहे, ही समजूत शास्त्रज्ञांमध्येही तितकीच घट्ट होती.

पुढील काम मुंबईत झाले. परळच्या जुन्या राजभवनात १८९९ पासून असलेली प्लेगची प्रयोगशाळा पुढे १९२५ मध्ये हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथे लिस्टन याने मुंबईच्या चाळींतील पिसवांचा अभ्यास केला. उंदीर मेल्यानंतर त्या जागेतील माणसांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा मोठ्या संख्येने सापडतात, एरवी क्वचितच सापडतात, असे त्याला आढळले. १९०५ पासून काम करणाऱ्या नव्या संशोधन आयोगाने गिनीपिगांचे पिंजरे जमिनीपासून कमीअधिक उंचीवर टांगून पाहिले. पिसू ज्या उंचीपर्यंत उडी मारू शकते त्या उंचीच्या आतील प्राण्यांना रोग झाला, वर टांगलेले सुरक्षित राहिले. हवा दोन्ही पिंजऱ्यांना सारखीच लागत होती. त्यामुळे दूषित हवेचे मत या प्रयोगापुढे टिकण्यासारखे नव्हते. १९१४ मध्ये बॅकॉट व मार्टिन यांनी पिसवेच्या अन्नमार्गात जंतूंचा गोळा साचून तो मार्ग बंद होतो, त्यामुळे भुकेली पिसू पुन्हापुन्हा चावते आणि प्रत्येक वेळी जंतू जखमेत सोडते, असे दाखवून ही प्रक्रिया पूर्णपणे उलगडली. तोपर्यंत हिंदुस्थानात प्लेगने मेलेल्यांची संख्या एक कोटीच्या दिशेने चालली होती.

याच सुमारास आणखी एका घरकीटकाचा उलगडा महाराष्ट्रातच झाला. उलटून येणाऱ्या तापाचे जंतू वँडाइक कार्टर याने १८७७ च्या दुष्काळात मुंबईतील रोग्यांच्या रक्तात पाहिले होते. १९०७ मध्ये मॅकी याने नाशिकच्या एका मिशनमधील साथीचा अभ्यास केला. मुलांत रोग पुष्कळ होता, मुलींत कमी; आणि अंगावरील उवांचे प्रमाणही त्याच क्रमाने होते. उवांच्या शरीरात त्याला रोगजंतू सापडले. चरकाने केवळ खाजेचे कारण मानलेली यूका अशा रीतीने तापाची वाहक ठरली. डासांच्या बाबतीत रोनाल्ड रॉस याने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू पाहिला होता. आणि १९११ मध्ये बेंटली याने मुंबईतील हिवतापाचा संबंध घरोघरीच्या विहिरींत वाढणाऱ्या ॲनाफेलीस स्टिफेन्सी या डासाशी आहे, हे आपल्या अहवालात मांडले. म्हणजे अवघ्या दहा-पंधरा वर्षांत घरकीटक उपद्रवाच्या पंक्तीतून उठून वाहकाच्या पंक्तीत जाऊन बसले.

५

वाहक कळला म्हणजे त्याला मारले की काम संपले, असा विश्वास यानंतर बळावला. डीडीटीने तो शिगेला पोहोचविला. तत्कालीन मुंबई इलाख्याच्या कारवार व धारवाड जिल्ह्यांत विश्वनाथन यांनी १९४६ मध्ये घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची योजना राबविली. तिच्या यशावर १९५३ ची राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना आणि १९५८ ची निर्मूलन योजना उभी राहिली. १९६१ मध्ये देशातील नोंदलेले रोगी सुमारे ५० हजारांवर आले. परंतु १९७६ मध्ये ही संख्या ६४ लाखांच्या पुढे गेली. डासांनी विषाला दाद देणे सोडले होते आणि देखरेख ढिली पडली होती. सामान्य माणसाने ही फवारणी आनंदाने स्वीकारली होती ती प्रायः ढेकूण मरतात म्हणून. ढेकणांनी डासांच्याही आधी प्रतिकार कमावला, आणि मग घरात फवारा घेऊन येणाऱ्याचे स्वागत थंडावले. शासन वाहकाशी लढत होते, लोक उपद्रवाशी. दोघांची गाठ काही वर्षे एकाच फवाऱ्याने पडली होती, एवढेच.

याच काळात भिवंडीचे रूप पालटले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात हातमागाच्या जागी यंत्रमाग येऊ लागले, स्वातंत्र्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर या धंद्याला आणखी जोर चढला. उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातून कामगार आले. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, बिशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खाणावळीत जेवण, आणि एकाच खोलीत आळीपाळीने झोप. एका पाळीचा मजूर उठला की त्याच अंथरुणावर दुसऱ्या पाळीचा मजूर निजतो. गावात आज एकाच जीवाला मराठीत ढेकूण, उर्दू-हिंदीत खटमल, गुजरातीत मांकड आणि तेलुगूत नल्लि म्हणतात. भाषा चार असल्या तरी खाट एकच आहे.

या व्यवस्थेचा कीटकशास्त्राच्या दृष्टीने विचार केला तर तिचे गांभीर्य कळते. ढेकूण स्वभावतः निशाचर आहे. परंतु निजलेला माणूस दिवसा मिळाला तर तो दिवसाही बाहेर येतो. ज्या खोलीत चोवीस तास कोणी ना कोणी झोपलेला असतो, तेथे त्याला उपासाचा प्रसंग येत नाही. ढेकूण माणसांत रोग पसरवितो असे सिद्ध झालेले नाही. परंतु मोडलेली झोप, अंगाची आग, आणि दंश फार असल्यास रक्तक्षय हे त्याचे परिणाम खरे आहेत. आणि बारा तास फिरत्या यंत्रापुढे उभे राहणाऱ्या माणसाची मोडलेली झोप ही किरकोळ बाब नव्हे. डासांची गोष्ट याहून विलक्षण आहे. हिवतापाचा स्टिफेन्सी डास रात्री चावतो, डेंग्यूचा एडिस इजिप्टाय हा दिवसा, विशेषतः सकाळी व सायंकाळपूर्वी. म्हणजे दिवसपाळीचा मजूर रात्री निजतो तेव्हा पहिला डास त्याच्या वाट्याला येतो आणि रातपाळीचा मजूर दिवसा निजतो तेव्हा दुसरा. दोन्ही डास साठविलेल्या पाण्यात वाढतात. आणि जेथे नळाला पाणी मोजक्या वेळीच येते तेथे पिंप भरून ठेवणे हा निष्काळजीपणा नसून गरज असते. झुरळांच्या विष्ठेतील व गळून पडलेल्या अंगांतील द्रव्यांमुळे दमा बळावतो, हे आता सिद्ध आहे. कापसाच्या धुळीने आधीच शिणलेल्या फुप्फुसांवर हा आणखी एक भार होय.

६

वाहकाच्या कल्पनेने लक्षणाची कल्पना रद्द होत नाही, हे १९९४ मध्ये महाराष्ट्रातच दिसून आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात अनेक ठिकाणी लोक भीतीने घराबाहेर राहू लागले. घरांतील धान्य तसेच राहिले आणि उंदीर वाढले. बीड जिल्ह्यातील मामला या गावात ऑगस्ट १९९४ मध्ये गावकऱ्यांनी प्रथम पिसवांच्या उपद्रवाची तक्रार केली, नंतर उंदीर पडले, आणि नंतर गाठीच्या तापाचे रोगी आढळले. शंभर वर्षांपूर्वीचा ‘उंदीर पडणे’ हा वाक्प्रचार पुन्हा वर्तमानपत्रांत आला. या वेळी फरक इतकाच की, उपद्रवाच्या तक्रारीचा अर्थ लावता येईल असे ज्ञान उपलब्ध होते. भिवंडीच्या संदर्भात हे उदाहरण दूरचे वाटू नये. धान्य, कापड व इतर माल साठविणाऱ्या विस्तीर्ण गोदामांनी हे शहर आज वेढलेले आहे, आणि माल साठविला जातो तेथे उंदीर व पिसू यांच्यासाठी मांडवीच्या वखारीतील परिस्थिती पुन्हा निर्माण होऊ शकते.

शेवटी संज्ञेसंबंधी एक मुद्दा नमूद करणे अवश्य आहे. शासकीय मराठीत डास, पिसू इत्यादींमुळे पसरणाऱ्या रोगांना ‘कीटकजन्य’ रोग म्हणतात. इंग्रजीतील मूळ संज्ञेचा अर्थ वाहून नेलेला असा आहे. ‘जन्य’ या पदाचा अर्थ उत्पन्न झालेला असा होतो. डासापासून हिवताप उत्पन्न होत नाही. आजारी माणसाच्या रक्तातील जंतू डास दुसऱ्या माणसाकडे नेतो, आणि या दोघांना एकत्र आणण्याचे काम घराची रचना, पाण्याची टंचाई व कामाच्या पाळ्या करतात. प्राचीनांनी कीटकाला ‘स्वेदज’ म्हणून त्याच्या उत्पत्तीची चौकशी थांबविली. ‘कीटकजन्य’ म्हणून आपण रोगाच्या उत्पत्तीची चौकशी कीटकापाशीच थांबविण्याचा संभव आहे. मग दोष एकतर डासाचा ठरतो किंवा पिंप उघडे ठेवणाऱ्याचा, आणि तपासनीस पुन्हा एकदा खोलीच्या दारात उभा राहतो. ‘कीटकवाहित’ ही संज्ञा या दृष्टीने अधिक यथार्थ आहे. वाहून नेलेली वस्तू कोठून निघाली आणि कोणत्या वाटेने आली, असे विचारण्यास ती भाग पाडते. आणि भिवंडीत ती वाट भाताच्या वखारीतून, मागाच्या खड्ड्यातून आणि दोन पाळ्यांच्या एका खाटेवरून गेलेली आहे.